आधी फडके, मग कुंडी

मटकीला मोड आणायला आपण कुंडी शोधत नाही. रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी उपसायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडावे, तर दाण्यादाण्यातून पांढरा मोड बाहेर डोकावत असतो. माती लागली नाही, खत लागले नाही, उजेडही लागला नाही. वाटीभर दाणे, म्हणजे काही हजार बिया, एका पातेल्याच्या जागेत रुजल्या.

टोमॅटोचे किंवा मिरचीचे बी हाती आले की मात्र आपली रीत एकदम बदलते. प्रत्येक बीसाठी एक पेला किंवा एक काळी पिशवी, त्यात मूठ मूठ माती, आणि हे सगळे मांडायला खिडकीची चौकट. चौकट लगेच भरते. पंधरा दिवसांनी पाहावे तर निम्म्या पेल्यांत नुसती ओली माती. हंगाम संपला की पिशव्या फाडून कचऱ्यात.

मटकीला एक न्याय आणि मिरचीला दुसरा, असे का? बीच्या दृष्टीने पाहिले तर याला काहीच कारण नाही.

चाळीस पेल्यांचा वर्ग

बीजांकुरणाचा पाठ शिकवताना बहुतेक शाळांत एक प्रयोग होतो. चाळीस मुले, चाळीस पेले, प्रत्येकाला टोमॅटोची एक बी. आता बियाण्याच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथे उगवणक्षमता छापलेली असते. १९६६च्या बियाणे कायद्याखाली प्रत्येक पिकासाठी ती किमान किती असावी हे ठरवून दिले आहे : टोमॅटो आणि वांगे ७० टक्के, भेंडी ६५ टक्के, मिरची ६० टक्के. म्हणजे पाकीट नियमात अगदी चोख बसणारे असले तरी टोमॅटोच्या चाळीस पेल्यांपैकी सुमारे बारा पेले रिकामे राहू शकतात. मिरची निवडली असेल तर सोळा.

ज्याच्या पेल्यात दोन आठवडे रोज पाणी घालूनही काही उगवत नाही, तो मुलगा शेजारच्या पेल्याकडे पाहतो आणि आपलेच काहीतरी चुकले असे धरून चालतो. चुकलेले काहीच नसते. त्याच्या वाट्याला शंभरातल्या त्या तीस बियांपैकी एक आलेली असते, इतकेच. पण त्याच्या मनातून 'मला झाडे जमत नाहीत' हे सहजी जात नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे पेल्यात तीन-तीन बिया टाकणे. गणित करून पाहू. एक बी न रुजण्याची शक्यता ०.३, तिन्ही न रुजण्याची ०.३ × ०.३ × ०.३, म्हणजे ०.०२७. चाळीस पेल्यांत सरासरी एकच पेला रिकामा राहील. छानच! पण त्यासाठी १२० बिया खर्च झाल्या. त्यांतल्या साधारण ८४ रुजल्या आणि प्रत्येक पेल्यात एकच रोप ठेवायचे म्हणून पंचेचाळीसच्या आसपास चांगली रोपे आपणच उपटून टाकली. लहान मुलांना हे उपटणे फार जड जाते, आणि आमच्या मते ते बरोबरच आहे.

आता तिसरा मार्ग पाहा. ६० बिया एका ओल्या फडक्यात ठेवायच्या आणि मोड आलेली बीच तेवढी पेल्यात लावायची. साठांतल्या सुमारे बेचाळीस रुजतील. बियाणे निम्मे लागले आणि चाळीसही मुलांच्या हाती जिवंत बी पडली. न रुजलेल्या अठरा बियाही वाया गेल्या नाहीत. पाकिटावरचा आकडा खरा की खोटा, हे त्यांनीच तर सांगितले.

ही काही नवी युक्ती नव्हे. सोयाबीनच्या पेरणीआधी आपल्याकडचे शेतकरी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडतात, त्याची गुंडाळी करून सावलीत ठेवतात आणि काही दिवसांनी मोड मोजतात. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीचे प्रमाण, कमी निघाले तर बियाणे वाढवायचे. कृषी खाते दरवर्षी मे-जूनमध्ये हेच करायला सांगते. आपण त्यात फक्त एक पायरी वाढवायची : मोजून झालेले मोड फेकायचे नाहीत, लावायचे.

बरोबर आणलेली शिदोरी

वालाचे बिरडे करताना मोड आलेले वाल सोलतात. साल निघाली की दोन पांढऱ्या डाळिंब्या सुटतात. त्याच त्या बीच्या बीजपत्रिका. दोन डाळिंब्यांच्या मध्ये, एका टोकाला, चिमुकला अंकुर चिकटलेला असतो. एवढ्याशा अंकुरासाठी एवढा मोठा अन्नसाठा! टोमॅटो, मिरची, वांगे यांच्या बियांत साठा गर्भाभोवती असतो आणि तो अगदी थोडा, कारण टोमॅटोच्या सुमारे तीनशे बिया मिळून एक ग्रॅम वजन भरते. पण रीत तीच. मूळ खाली जाईपर्यंत आणि पहिली दोन पाने उजेडात उघडेपर्यंत रोप घरून आणलेल्या शिदोरीवर जगते. या काळात त्याला खत घालणे म्हणजे जेवलेल्या माणसाला आग्रह करण्यासारखे आहे.

मग रुजायला लागते तरी काय? पाणी, हवा आणि ऊब.

पाणी शिरण्याचे काम तर बी जिवंत नसली तरी होते. राजम्याचे दहा दाणे उकळून गार करा आणि दहा कच्चे दाणे घ्या. दोन्ही वजन करून रात्रभर भिजवा, सकाळी पुन्हा वजन करा. दोन्हीही फुगलेले दिसतील. म्हणजे फुगणे हे जगण्याचे लक्षण नव्हे. कोरड्या पदार्थाने पाणी शोषण्याची ती भौतिक क्रिया आहे. फरक पुढच्या दोन दिवसांत पडतो. कच्च्या दाण्यांना मोड येतात, उकळलेले आंबतात.

हवेचे महत्त्व स्वयंपाकघराला पाठ्यपुस्तकाआधीपासून ठाऊक आहे. मटकीचे पाणी उपसले नाही तर मोड येत नाहीत, वास येतो. रुजणारी बी श्वसन करते, तिला ऑक्सिजन हवा असतो, आणि पाण्यात तो फारच थोडा विरघळतो. कुंडीत पेरलेल्या कितीतरी बिया मरतात त्या तहानेने नव्हे, रोजच्या प्रेमळ पाण्याने. श्वसनाची खूण हाताला कळते. भरपूर मटकी गच्च बांधून ठेवली तर गाठोड्याच्या मध्यावर ऊब लागते.

ऊब किती फरक करते ते आकड्यांनीच सांगावे. टोमॅटोची बी २५ अंश सेल्सिअसला सहा दिवसांत वर येते. १५ अंशांना तिला चौदा दिवस लागतात. मिरची २५ अंशांना आठ दिवस घेते आणि १५ अंशांना पंचवीस! नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरात मिरची 'उगवतच नाही' अशी तक्रार असते, तिचे मूळ बहुधा इथे असते. आता शंभर पेले उबदार कसे ठेवणार? पण एक फडके फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे गरम हवा बाहेर पडते तिथे, सहज ठेवता येते.

जागा कशाला लागते?

साठ बिया एकमेकींपासून एक सेंटिमीटरवर मांडल्या तर ६० चौरस सेंटिमीटर जागा लागते. हे झाले पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढे. त्याच साठ बिया सहा सेंटिमीटर तोंडाच्या साठ पेल्यांत लावल्या तर २,१६० चौरस सेंटिमीटर हवेत. छत्तीसपट! पेला दीडशे मिलिलिटरचा धरला तर मातीही नऊ लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धी बादली.

भातशेतीत हा हिशेब फार मोठ्या मापावर मांडला गेला आहे. एक हेक्टर लावणीसाठी रोपवाटिका करायची तर नेहमीच्या पद्धतीत सुमारे दहा गुंठे, म्हणजे हजारभर चौरस मीटर जमीन लागते. फिलिपीन्समधून आलेल्या दापोग पद्धतीत तीस-चाळीस चौरस मीटर पुरतात. तिथे मोड आणलेले भात केळीच्या पानांवर किंवा प्लॅस्टिकवर दाट पसरतात आणि वरून पाणी शिंपडून हलके दाबत राहतात. बुडाला माती नाहीच. मुळे एकमेकांत गुंतून चटई तयार होते आणि ती गुंडाळून शेतावर नेतात. हे जमते कसे? तर रोपे अकरा ते चौदा दिवसांचीच असतात. त्यांची शिदोरी अजून संपायची असते. ती आणखी आठवडाभर तिथेच ठेवली तर पिवळी पडू लागतात, त्यामुळे लावणीचा दिवस चुकवून चालत नाही. रोपे कोवळी म्हणून शेतही अगदी सपाट करावे लागते आणि पाणी बेताचे ठेवावे लागते. जागा वाचली, पण सवड गेली.

दापोगची ही गोष्ट आम्ही मुद्दाम लांबवली, कारण घरातल्या खिडकीलाही तोच नियम लागू आहे. रोपाला जागा लागते ती त्याच्या वयाप्रमाणे. पहिला आठवडा फडक्याची घडी पुरे, नंतरचे दोन आठवडे श्रीखंडाचा एक डबा पुरे, पेल्याची वेळ त्यानंतरची. आपण पहिल्याच दिवशी महिनाभरानंतरची जागा देऊन बसतो.

आणखी एक गोष्ट. घरात जागा कमी नसते, उजेडाची जागा कमी असते. बाहेर भर उन्हात प्रकाश एक लाख लक्सच्या घरात असतो, तर खिडकीपासून दूर, खोलीच्या आतल्या बाजूला तो काही शे लक्सवर येतो. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण ते जुळवून घेतात. रोपाला जुळवून घेता येत नाही. म्हणून खिडकीची चौकट हीच घरातली खरी शेतजमीन समजायची, आणि जोवर पाने नाहीत तोवर बियांनी ती अडवायची नाही. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, दुधी या सगळ्या बिया अंधारात रुजतात. उजेड मागणारी बी म्हणजे सॅलडच्या लेट्यूसची. तिच्या काही जातींना तांबड्या प्रकाशाची चमक मिळाली तरच त्या रुजतात, आणि पाठोपाठ अतितांबडा प्रकाश दिला की त्या थांबतात, हे बोर्थविक आणि हेन्ड्रिक्स यांच्या गटाने अमेरिकेत १९५२ साली दाखवले. वनस्पतींना प्रकाश 'दिसतो' कसा, याच्या संशोधनाला त्यातून मोठीच दिशा मिळाली. तर लेट्यूसच्या बिया उघड्या कागदावर, खिडकीत ठेवाव्यात.

मोड वर आल्यावर मात्र अंधार घातक. याचा नमुना नवरात्रात घरोघर दिसतो. घटाभोवतीचे धान देवघराच्या मंद उजेडात नऊ दिवसांत वीतभर वाढते आणि पिवळसर, लवचीक, नाजूक दिसते. दसऱ्याला टोपीत खोवायला ते तुरे शोभतात, पण वाढ म्हणून ती आजारी वाढ आहे. उजेड सापडेपर्यंत पाने व हिरवा रंग यांवर खर्च करायचा नाही, सगळी शिदोरी उंचीवर लावायची, असा त्या रोपाचा डाव असतो. मातीखालच्या बीसाठी डाव उत्तम आहे. खोलीत तो फसतो. टोमॅटोचे रोप दोऱ्यासारखे लांबून आडवे झाले की समजावे, ते अजून उजेड शोधते आहे. खिडकीतली रोपे एका बाजूला झुकतात तेही याचसाठी. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांची टोके झाकून हे झुकणे टोकावर पडणाऱ्या उजेडामुळे घडते असे दाखवले आणि १८८० साली प्रसिद्ध केले. डबा रोज अर्धा फिरवला आणि खोलीकडच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला तर झुकणे पुष्कळ कमी होते. हा पुठ्ठा फुकटचा दिवाच म्हणा ना!

घडी कशी घालायची

जुन्या सुती साडीचा तुकडा चालतो, पण वीण घट्ट हवी. मलमल नको, कारण मूळ तिच्या छिद्रांतून पार जाते आणि सोडवताना तुटते. त्याहून सोपा टिपकागद किंवा हात पुसायचा जाड कागद. मूळ कागदात शिरले तर तेवढा कागद फाडून बीसकट लावून टाकता येतो.

कागद भिजवून पिळायचा, इतका की उचलून धरला तर थेंब पडू नये. त्यावर एकेका सेंटिमीटरवर बिया मांडायच्या, एक बाजू वर दुमडायची, सैल गुंडाळी करायची. जातीचे नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. शाई पसरते आणि चार दिवसांनी वांगे कोणते नि मिरची कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. गुंडाळी झाकणाच्या डब्यात किंवा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवायची. तोंड घट्ट बांधायचे नाही. दिवसातून एकदा उघडून पाहायचे. पाहणेही होते आणि हवाही बदलते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास एक मूल ओरडेल, 'बुरशी आली!' थांबा, फेकू नका. बाहेर आलेल्या मुळाच्या टोकामागे पांढरी मखमल दिसते ती बहुधा मूलरोमांची असते. हे रोम मुळाभोवती सारख्या उंचीचे, ब्रशच्या केसांसारखे असतात. पाण्याचा फवारा दिला की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात आणि जरा वेळाने पुन्हा उभे राहतात. बुरशी करडट असते, ती मुळाऐवजी बीवर व कागदावर जाळ्यासारखी पसरते आणि तिला वास येतो. भिंग असेल तर हा तास सोडू नये. मूलरोम इतके स्वच्छ पुन्हा दिसत नाहीत, कारण मातीतून उपटलेल्या मुळावरचे रोम तुटून मातीतच राहिलेले असतात.

मूळ दोन ते पाच मिलिमीटरचे झाले की हलवण्याची वेळ झाली. यापेक्षा उशीर केला तर मुळे गुंततात. बी चिमटीत धरायची नाही. ओल्या काडीच्या टोकाला ती आपोआप चिकटते. मातीत अर्धा सेंटिमीटर खोल भोक, त्यात बी, वरून भुरभुर माती. मूळ खालच्या बाजूला ठेवता आले तर ठेवावे, पण उलटे पडले म्हणून काही बिघडत नाही. मुळाच्या टोपीतल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात ती बाजू खालची, हे मूळ ओळखते आणि वळते.

वर्गात प्रत्येकाचा पेला वेगळा हवा, तो आनंद मुलांना मिळालाच पाहिजे. घरी मात्र मोड आलेल्या बिया आधी एकाच पसरट डब्यात अडीच अडीच सेंटिमीटरवर लावाव्यात. श्रीखंडाच्या डब्याला बुडाला चार भोके पाडली की झाले. घराला टोमॅटोची सहा झाडे पुष्कळ होतात. पहिल्या दोन साध्या पानांनंतर खरी, कातरलेली पाने फुटली की त्यांतली सशक्त सहा-आठ रोपे निवडून वेगळ्या पेल्यांत हलवायची. हलवताना रोप पानाला धरायचे, देठाला कधीही नाही. पान गेले तर दुसरे येते. कोवळा देठ चेंगरला तर रोपच गेले. टोमॅटो जरा खोल लावला तरी चालतो, त्याच्या पुरलेल्या देठालाही मुळे फुटतात.

पेले कसले करायचे?

अंड्याच्या कवचातले रोप फोटोत सुरेख दिसते. आम्हांला ते पटत नाही. कवचात जेमतेम चाळीस मिलिलिटर माती मावते, ती दुपारपर्यंत वाळते. 'कवचातले कॅल्शियम रोपाला मिळते' हेही इतक्या थोड्या दिवसांत घडत नाही, कारण कवच फार सावकाश विरघळते. लावताना ते फोडले नाही तर मुळे आत कोंडतात.

वर्तमानपत्राचा पेला उत्तम. दहा सेंटिमीटर रुंदीची, दुहेरी कागदाची लांब पट्टी बाटलीभोवती गुंडाळायची, खाली सुटलेला तीन-चार सेंटिमीटरचा भाग बुडाखाली दुमडून दाबायचा आणि बाटली काढून घ्यायची. डिंक नको, दोरा नको. असे पेले ताटात एकमेकांना खेटून उभे करावेत. सुटा पेला चारी बाजूंनी वाळतो. लावताना पेल्यासकट लावायचा, पण कागदाची कड मातीबाहेर राहता कामा नये. बाहेर राहिलेली कड कंदिलाच्या वातीसारखे काम करते. केशाकर्षणाने पाणी तिच्यातून वर चढते, वाऱ्याने उडून जाते, आणि भोवतीची माती ओली असूनही मुळाजवळची कोरडी होते. कागदी पेल्यातली रोपे लावणीनंतर कोमेजतात, त्यांपैकी बऱ्याचशा याने.

पळसाच्या पानांचे द्रोण मिळत असतील तर कागदाचीही गरज नाही. दुधाची पिशवी मात्र प्लॅस्टिक आहे म्हणून लगेच टाकू नये. कोपरे कातरून पाण्याला वाट केली तर ती काही हंगाम टिकते. रोप काढताना ती फाडायची नाही, उलटी करून माती सोडवायची. एकदा वापरायचा 'कुजणारा' पेला विकत आणण्यापेक्षा घरात आधीच आलेली पिशवी चार वेळा वापरणे आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते. करवंटीही चांगली, तिच्या डोळ्याला भोक पाडून घ्यावे.

आणि पेलाच नको असेल तर? पाण्यात कालवलेले मिश्रण मुठीत दाबले की एक-दोन थेंब निघावेत, इतके ओले करा. पी.व्ही.सी. नळीच्या चार-पाच सेंटिमीटरच्या तुकड्यात ते ठासून भरा आणि लाकडी दांड्याने बाहेर ढकला. मातीचा उभा ठोकळा तयार. तो ताटात ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावर मोड आलेली बी लावायची. ठोकळ्यांच्या मध्ये बोटभर फट ठेवायची. पेल्यात मूळ भिंतीला लागले की गोल गोल फिरत राहते. ठोकळ्यात ते कडेला आले की हवेत पोचते, टोक वाळून थांबते आणि मागून नव्या शाखा फुटतात. लावणीच्या दिवशी अशी मुळे चारी बाजूंना निघायला तयार असतात. पाणी वरून ओतू नये, ताटात घालावे.

मिश्रणाला नुसती काळी माती चालत नाही. लहान भांड्यात ती दगडासारखी होते आणि तडकते. पोयट्याची माती, चाळलेले गांडूळखत किंवा पुरते कुजलेले शेणखत, आणि धुतलेला काथ्याचा भुसा यांचे समान भाग घ्यावेत. भुसा धुवायचा, कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतात.

कोवळी रोपे एका रात्रीत मातीलगत बारीक होऊन आडवी पडली तर तो रोपे कोलमडण्याचा रोग. पिथियमसारख्या बुरशी ओल्या, कोंदट, दाट जागी तो घडवतात. पडलेले रोप वाचत नाही, बाकीच्यांसाठी पाणी कमी करावे आणि डबा वाऱ्याला ठेवावा. आधी वापरलेले पेले साबणाने धुऊन उन्हात वाळवणे हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त विमा.

कोणाला हलवायचे नाही

गाजर आणि मुळा यांना ही सगळी खटपट नको. त्यांचे सोटमूळ म्हणजेच भाजी, हलवताना ते दुखावले की गाजराला दोन-तीन पाय फुटतात. मेथी, कोथिंबीर थेट जागेवरच पेरावी. धणा मात्र आधी लाटण्याने हलकेच दुभंगून घ्यावा, कारण तो एक दाणा दिसला तरी दोन बियांचे फळ असते. भेंडी, काकडी, दुधी, कारले यांची मुळे छेडछाड सोसत नाहीत. त्यांना फडक्यात मोड आणावा आणि थेट कागदी पेल्यात किंवा ठोकळ्यात लावावे, मधला डबा टाळावा.

बी विकतच आणले पाहिजे असे नाही. मेथी, मोहरी, धणे मिसळणाच्या डब्यातले चालतात, भाजलेले नसले म्हणजे झाले. बाजारातल्या पिकलेल्या टोमॅटोच्या बियाही रुजतात. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, म्हणून गर वाटीत दोन दिवस आंबू द्यावा, मग धुऊन बिया सावलीत वाळवाव्यात. फळ संकरित जातीचे असेल तर रोपे एकसारखी निघणार नाहीत. आनुवंशिकतेचा पाठ शिकवायचा असेल तर ते बरेच म्हणायचे.

पाकिटातले बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असेल तर त्याला थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. असे बी मुलांच्या हाती उघडे देऊ नये. काडीने किंवा चमच्याने हाताळावे, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि त्याची घडी मटकीच्या फडक्याची नसावी.

फडक्याच्या पद्धतीत बी उरते. ते कोरडे आणि थंड ठेवावे. बीतला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की तिचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, आणि तापमान पाच अंशांनी उतरले तरीही दुप्पट. घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाला भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी आणि वर बियांची पाकिटे, अशी बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर दोन्ही साधते. बी किती दिवस जगते याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १८७९ सालापासून चालू आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने वीस बाटल्यांत ओली वाळू आणि प्रत्येकीत हजारावर बिया भरून त्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरतात. २०२१ साली काढलेल्या बाटलीतल्या व्हर्बॅस्कम या रानटी वनस्पतीच्या काही बिया १४१ वर्षांनंतरही रुजल्या. पुढची बाटली २०४० साली निघेल, शेवटची २१०० साली.

आपल्या भाज्या इतक्या चिवट नाहीत. टोमॅटो नीट ठेवला तर चार-पाच वर्षे टिकतो, मिरची दोन-तीन. कांद्याचे बी मात्र वर्षा-दोन वर्षांत मरते. त्याचे पाकीट उघडले असेल तर ते याच हंगामात संपवावे, आणि मागच्या वर्षीचे हाती असेल तर पेरण्याआधी दहा बिया ओल्या कागदात घालून आठवडाभर थांबावे.